रोजचा मोटारप्रवास : हिशेब किलोमीटरचा आणि तासांचा

पदोन्नती झाली, पगार वाढला, परंतु कामाचे ठिकाण साठ-सत्तर किलोमीटर दूर गेले, हा अनुभव नोकरदार वर्गास नवा नाही. अशा वेळी घरात पहिला विचार येतो तो मोटार घेण्याचा. ‘मोटार असली म्हणजे घरही सुटणार नाही आणि नोकरीही’, असा हा सरळ हिशेब असतो. कर्ज सहज उपलब्ध असल्याने निर्णय आठ-पंधरा दिवसांत होऊनही जातो. मात्र या निर्णयाचे खरे मोल बहुतेकांस वर्ष-दीड वर्षाने कळते. ते आधीच कळावे यासाठी कोणता हिशेब मांडावा, हे एका उदाहरणावरून पाहणे उपयुक्त ठरेल.

उदाहरण वाराणसीचे आहे. गंगेच्या काठी ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगाघाट या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आहेत. अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभारले, त्याच्याही कितीतरी आधीपासून मराठी माणसाचे काशीशी नाते आहे. अशाच एका काल्पनिक कुटुंबाची कल्पना करू. कर्ते गृहस्थ पंचेचाळिशीचे, पत्नी शाळेत शिक्षिका, मुलगी अकरावीत. घरात ब्याऐंशी वर्षांची आई. तिने काशी सोडून कोठेही राहावयास जाण्यास ठाम नकार दिलेला. काशीत देह ठेवावा या श्रद्धेने जी वृद्ध माणसे तेथे राहतात, त्यांच्यापुढे बदलीच्या ठिकाणच्या सोयी-गैरसोयींचा युक्तिवाद चालत नाही. गृहस्थांना पदोन्नतीवर मिर्झापूर मिळाले. मुदत तीन वर्षे. करकपातीनंतर हातात पडणारी वाढ दरमहा २२,००० रुपये.

मिर्झापूर तसे जवळच आहे. मोहनसरायपाशी राष्ट्रीय महामार्ग १९ गाठावयाचा, औराईला वळावयाचे, चीलहहून शास्त्री पुलावरून गंगा ओलांडली की मिर्झापूर. एका बाजूचे अंतर सुमारे ६५ किलोमीटर. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग २ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मार्गाचा हंडिया ते राजातालाब हा ७३ किलोमीटरचा भाग सहा पदरी होऊन ३० नोव्हेंबर २०२० रोजी, देवदिवाळीच्या दिवशी, राष्ट्रार्पण झाला. रस्ता उत्तम असल्याने रोज ये-जा करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

गृहस्थांनी कागदावर मांडलेला हिशेब असा होता : पेट्रोल सुमारे १७,००० रुपये, कर्जाचा हप्ता सुमारे १२,५०० रुपये, एकूण २९,५०० रुपये. वाढ २२,००० रुपयांची. म्हणजे साडेसात हजार पदरचे जातील, पण मोटार घरची होईल आणि आईजवळ राहता येईल. वरवर पाहता हा हिशेब समंजस वाटतो. त्यात दोन उणिवा आहेत. काही खर्च त्यात मुळीच आलेले नाहीत. आणि जो हप्ता खर्च म्हणून धरला आहे, तो पूर्णतः खर्च नाही.

दुसरी बाब आधी पाहू, कारण येथे पुष्कळ ग्राहकांचा गोंधळ होतो. मासिक हप्त्यात मुद्दल आणि व्याज असे दोन भाग असतात. मुद्दलाची फेड म्हणजे मोटारीची किंमत हप्त्याहप्त्याने देणे. मोटार विकून त्या किमतीपैकी काही रक्कम परत मिळावयाची असते. जी परत मिळत नाही तो घसारा. म्हणून खर्चाच्या बाजूस घसारा आणि व्याज धरावे. संपूर्ण हप्ता आणि घसारा असे दोन्ही धरल्यास मुद्दल दोनदा मोजले जाते, आणि केवळ हप्ता धरल्यास कर्ज फिटल्यावर मोटार ‘फुकट’ धावते असा भ्रम होतो.

आता आकडे. सर्व गृहीतके सोयीसाठी घेतलेली असून, वाचकांनी त्या जागी आपले आकडे घालावेत. मोटारीची रस्त्यावर येईपर्यंतची किंमत ८ लाख रुपये. त्यापैकी ६ लाख रुपये कर्ज, ९ टक्के दराने, पाच वर्षांसाठी. रजा व सुट्ट्या वगळता महिन्याला २२ फेऱ्या, म्हणजे २,८६० किलोमीटर. वर्षाला ३४,३२० किलोमीटर. पेट्रोल ९६ रुपये लिटर आणि लिटरला १६ किलोमीटर धरल्यास किलोमीटरला ६ रुपये, म्हणजे दरमहा १७,१६० रुपये. २४,००० रुपयांचे चार टायर ४० हजार किलोमीटर चालले तर किलोमीटरला ६० पैसे; म्हणजे १,७१६ रुपये. एरवीच्या वापरात चार-पाच वर्षे टिकणारे टायर येथे चौदाव्या महिन्यात बदलावे लागतात. नियमित सर्व्हिसिंग आणि किरकोळ दुरुस्ती मिळून किलोमीटरला १ रुपया २० पैसे, ३,४३२ रुपये.

घसारा हा या हिशेबातील पेट्रोलाखालोखाल मोठा आणि सर्वांत कमी दिसणारा खर्च होय. पाच वर्षांत ही मोटार १ लाख ७१ हजार किलोमीटर धावलेली असेल. तिला विक्रीच्या वेळी दीड लाख रुपये आले, तर साडेसहा लाख रुपये झिजले. दरमहा १०,८३३ रुपये. हप्ता १२,४५५ रुपयांचा असल्याने पाच वर्षांत व्याजापोटी सुमारे १,४७,३०० रुपये जातात. दरमहा २,४५५ रुपये. स्वतःचे घातलेले २ लाख रुपये ठेवीत राहिले असते तर ६ टक्क्यांनी महिन्याला १,००० रुपये आले असते. तेही खर्चाकडेच धरावे. विमा सरासरी १,५०० रुपये. राहिले वाहनतळाचे भाडे. ब्रह्माघाटाच्या गल्लीत मोटार शिरत नाही; ती मैदागिनच्या बाजूस पैसे देऊन उभी करावी लागेल. त्याचे २,५०० रुपये धरू.

या साऱ्याची बेरीज होते ४०,५९६ रुपये. किलोमीटरला १४ रुपयांहून थोडे अधिक. बावीस हजारांची वाढ मिळवण्यासाठी साडेचाळीस हजार खर्च, असा हा व्यवहार आहे. शिवाय घर ते कार्यालय या प्रवासखर्चाची वेगळी वजावट पगारदारास आयकरात मिळत नाही. प्रमाणित वजावटीतच सारे आले. म्हणजे हा सगळा पैसा कर भरून उरलेल्या उत्पन्नातून जावयाचा.

ज्या कुटुंबाकडे आधीपासूनच मोटार आहे, त्यांनी मात्र पूर्ण घसारा आणि पूर्ण विमा या प्रवासावर टाकू नये. अधिकच्या धावेमुळे विक्रीमूल्यात जेवढी जादा घट होईल तेवढीच मोजावी. उदाहरणातील गृहस्थांना शहरात मोटारीची गरज नव्हतीच. ती केवळ या प्रवासासाठी येणार असल्याने तिचा पै न पै खर्च या प्रवासाच्याच खाती पडतो.

तासांचे खाते

६५ किलोमीटर म्हणजे ‘एक-सव्वा तास’ असे सांगणारा मनुष्य सहसा महामार्गापासून मोजत असतो. जुन्या वाराणसीतील घरातून निघून वाहनतळापर्यंत पायी, तेथून शहर ओलांडून मोहनसराय, पुढे महामार्ग, चीलहचा पूल आणि मिर्झापुरातील रस्ते, असे दारापासून दारापर्यंत मोजले तर दोन तास धरणे शहाणपणाचे. दिवसाचे चार, महिन्याचे ८८, वर्षाचे १,०५६ तास. आठ तासांचा एक दिवस धरल्यास १३२ दिवस.

आणि हे झाले सरळ दिवसांचे. श्रावणात प्रयागराजहून गंगाजल घेऊन येणाऱ्या कावडियांसाठी याच महामार्गाची एक बाजू राखून ठेवली जाते. दोन्ही नवरात्रांत मिर्झापूरजवळच्या विंध्याचलास देवीच्या दर्शनासाठी अपार गर्दी लोटते. डिसेंबर-जानेवारीत धुके असे दाटते की पुढच्या वाहनाचा लाल दिवाही दिसत नाही. २०२५ च्या महाकुंभात, १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी या काळात, प्रयागराजहून काशीकडे वळलेल्या भाविकांच्या वाहनांनी हा परिसर कसा भरून गेला होता, ते तेथील रहिवासी विसरणार नाहीत. सरासरी वेळेवर निर्णय घेऊ नये; सर्वांत वाईट दहा दिवस डोळ्यांपुढे आणावेत. त्या दिवशी आईला रात्री दवाखान्यात नेण्याची वेळ आली तर गृहस्थ कोठे असतील? बहुधा औराईच्या आसपास.

प्रवासाचा हा भार माणूस आधी कमी लेखतो, हे अभ्यासकांनीही नोंदवले आहे. ब्रूनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या पाहणीवरून २००८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. अर्थशास्त्राच्या सिद्धांताप्रमाणे लांबच्या प्रवासाची भरपाई अधिक पगाराने किंवा स्वस्त घराने व्हावयास हवी. प्रत्यक्षात अधिक वेळ प्रवास करणाऱ्यांचे समाधान कमीच आढळले. पगारवाढीची सवय काही महिन्यांत जडते. वाहतूक कोंडीची सवय जडत नाही. हा निष्कर्ष जर्मनीचा असला तरी लोकलच्या दारात वीस वर्षे उभा राहिलेला मुंबईकर त्यास हरकत घेईल असे वाटत नाही. फरक एवढाच की लोकलमध्ये निदान डोळा लागतो, वर्तमानपत्र वाचता येते. मोटार चालवणाऱ्यास ते चार तास पूर्ण जागे राहूनच काढावे लागतात.

जोखमीचा विचारही टाळू नये. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. राष्ट्रीय महामार्ग हे एकूण रस्त्यांच्या लांबीच्या सुमारे २ टक्के. परंतु तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मृत्यू त्यांवर झाले. वर्षाला चौतीस हजार किलोमीटर, त्यातले निम्मे थकल्या शरीराने, असा प्रवास पत्करणाऱ्या कर्त्या माणसाने वाहनविम्यातील मालक-चालकाच्या १५ लाख रुपयांच्या अपघात संरक्षणावर विसंबणे पुरेसे नाही. कर्ज घेताना कर्जाच्या रकमेइतका तरी स्वतंत्र मुदत विमा असणे इष्ट.

इतर वाटा

रोज जाणाऱ्यांनी खर्च उतरवण्याचे काही मार्ग शोधलेले असतात. सीएनजीवर इंधनाचा खर्च साधारण तृतीयांशाने कमी होतो, पण गाडीच्या मागे सामानास जागा उरत नाही आणि पंपावरील रांग वेळेत मोजावी लागते. विजेची मोटार ज्याच्या अंगणात चार्जिंगची सोय आहे त्याने घ्यावी. गल्लीत राहून मैदागिनला मोटार लावणाऱ्यास ती आज तरी गैरसोयीची. तीन-चार सहकाऱ्यांनी आळीपाळीने आपापली मोटार काढणे हा उत्तम उपाय आहे. मात्र खाजगी वाहनात माणशी भाडे घेऊ नये. ते कायद्यात बसत नाही आणि अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

मिर्झापूरऐवजी थेट प्रयागराजच्या दिशेने जाणाऱ्यांस लालानगरचा टोलनाका लागतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून खाजगी मोटारींसाठी फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. आरंभी ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल ते. एक नाका रोज दोनदा ओलांडणाऱ्याच्या महिन्यास ४४ फेऱ्या होतात. ‘वार्षिक’ पास त्याला साडेचार महिनेच पुरेल, हे लक्षात ठेवून टोल मांडावा.

सर्वांत दुर्लक्षित पर्याय रेल्वेचा. ब्रह्माघाटाहून काशी स्थानक फार दूर नाही. तेथून गाडी मालवीय पुलावरून, म्हणजे १८८७ च्या जुन्या डफरिन पुलावरून, गंगा ओलांडून पंडित दीनदयाळ उपाध्याय नगर स्थानकात, सर्वांच्या तोंडी असलेल्या मुगलसरायला, जाते. पुढे चुनारमार्गे मिर्झापूर हे हावडा-दिल्ली मुख्य मार्गावरच आहे. मासिक पासाचा खर्च मोटारीच्या पेट्रोलाच्या मानाने अगदी थोडा. अडचण वेळेची : सोयीच्या गाड्या मोजक्या, धुक्यात त्या तासन्‌तास उशिरा, आणि पास सर्व गाड्यांत चालत नाही. रोजच्या हजेरीसाठी रेल्वेवर पूर्ण भिस्त ठेवता येणार नाही. आठवड्यातून दोन-तीन फेऱ्यांसाठी मात्र ती पुरेशी आहे.

येथेच उदाहरणातील कुटुंबाचा मार्ग दिसू लागतो. प्रश्न ‘रोज मोटारीने जावे की मिर्झापुरात बिऱ्हाड करावे’ असा मांडला, की दोन्ही उत्तरे वाईट निघतात. एकात पैसा, झोप आणि शरीर जाते. दुसऱ्यात आई एकटी पडते, आणि शाळा, अभ्यास, सासूबाईंचे औषधपाणी असा सारा भार पत्नीवर येतो. आठवड्यातील तीन रात्री मिर्झापुरात काढावयाच्या ठरवल्या तर लहान खोलीचे भाडे ५,००० रुपये, जेवणाचे ३,०००, रेल्वे व रिक्षा २,५००, आणि त्या तीन रात्री आईजवळ झोपावयास येणाऱ्या बाईंचे ६,००० रुपये; मिळून १६,५००. वाढीतील साडेपाच हजार शिल्लक राहतात. घरभाडे भत्त्यावरील सवलत जुन्या करपद्धतीत असलेल्यास मिळू शकते. नव्या करपद्धतीत ती नाही, म्हणून ती येथे धरलेली नाही. चार रात्री घरी, तीन बाहेर. आईस हे मान्य होईल का, हे कोणत्याही तक्त्यात बसत नाही. तिला विचारावे लागेल, आणि तेही खोली ठरवण्याआधी.

ज्यांची खात्री होत नसेल त्यांनी मोटारीची नोंदणी करण्यापूर्वी पंधरा दिवस भाड्याच्या वाहनाने किंवा सहकाऱ्याच्या सोबतीने हा प्रवास करून पाहावा. शक्य तर श्रावणात किंवा जानेवारीत. एका वहीत घर सोडल्याची, कार्यालयात पोहोचल्याची, परतल्याची आणि झोपल्याची वेळ रोज लिहावी; शेजारी त्या दिवशी मुलीशी, आईशी किती वेळ बोलणे झाले तेही. पंधराव्या दिवशी ती वही पत्नीसमवेत बसून वाचावी आणि मगच कर्जाचा अर्ज भरावा. मोटारकर्जाचा अर्ज पंधरा दिवस उशिरा आला तरी तो मंजूर होतो.