पहिल्या भेटीला जाण्याआधी

धरमपेठ, नागपूर
जुलै २०२५

चि. सई,


थेरपिस्टची मंगळवारची वेळ घेतल्याचं तुझ्या आईने सांगितलं. आणि आता जावं की नाही, असं तुझं चाललंय, हेही सांगितलं. घरात एवढी माणसं असताना परक्या बाईपुढे जाऊन काय बोलायचं, असं तू म्हणालीस म्हणे. तेवढ्यासाठीच हे पत्र.

घरातल्या माणसांचंच बघ ना. तू खचशील म्हणून आई तुझ्यासमोर रडत नाही. तिचं बीपी वाढेल म्हणून तू तिच्यासमोर रडत नाहीस. आणि माझा पाठचा भाऊ गेला, हे मी तुम्हा दोघींपुढे काढतच नाही. संत्र्यांच्या दिवसांत आई आणि मी गोकुळपेठ बाजारात जातो. संत्री निवडायचं काम तुझ्या बाबाचं. त्या ढिगापुढे आलो की दोघीही गप्प होतो. मग एकजण कोथिंबिरीचा भाव विचारते. माया आहे म्हणूनच हे होतं. एकाच माणसासाठी झुरणाऱ्या आपण तिघी, एकमेकींना सांभाळण्यातच चार वर्षं गेली. तिथे समोर बसणाऱ्या बाईला तू सांभाळायचं नाहीस. तिचा भाऊ गेलेला नाही, नवरा गेलेला नाही. तुझं ऐकून तिची रात्रीची झोप उडेल, ही काळजी तुला नको. ही मोकळीक आम्ही तुला कितीही जीव लावला तरी देऊ शकत नाही.

आणि तुझं दुःख नुसतं दुःख नाही, असं मला वाटतं. निदान करणारी मी कोण, ते त्या करतील. पण रात्री दहानंतर फोन वाजला की तुझे हात गार पडतात, हे मी पाहिलंय. बाबा होता त्या दवाखान्याचा रस्ता टाळायला तू केवढा वळसा घेतेस! तिथून आलेली ती प्लास्टिकची पिशवी, त्यातला चष्मा, मोबाइल, चार्जर, अजून गाठ न सोडता कपाटात वर आहे. कोविडच्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, नागपुरात कितीजणांना आपल्या माणसाचा चेहरासुद्धा धड पाहता आला नाही. अशा आठवणीला मागे पडायला जागाच मिळत नाही. मन ती आजचीच समजतं आणि फोन वाजला की धोक्याची घंटा वाजवतं. उपचारात हीच आठवण सुरक्षित जागी, तुला झेपेल त्या वेगाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची असते, पुन्हापुन्हा. टाळलेल्या गोष्टींजवळ हळूहळू जायचं असतं. सांगता सांगता तिची धार बोथट होते. बाबा पुसला जात नाही. उलट त्या शेवटच्या आठवड्याआड दडलेला आधीचा बाबा परत आठवायला लागतो.

सुरुवातीच्या काही भेटींनंतर जास्त त्रास होऊ शकतो, हे आधीच सांगून ठेवते. घरी येऊन कदाचित झोप लागणार नाही, चिडचिड होईल. तेवढ्यावरून सोडू नकोस. त्यांनाच सांग, त्या वेग कमी करतील.

तुझी मोठी टोचणी मला माहीत आहे. "गुरुवारीच अमरावतीला न्यायला हवं होतं." बेडसाठी नागपूरचे पेशंट तेव्हा अमरावतीला जात होते, हे खरं. पण गुरुवारी सकाळी ऑक्सिमीटरवर ९४ दिसत होते. शनिवारी काय होणार, ते त्या सकाळी कोणाला कळणार होतं? हा प्रश्न मी विचारला की तू "आत्या, तू असंच म्हणणार" म्हणतेस. त्यांच्यापुढे ती गुरुवारची सकाळ तासातासाने मांड.

दुःखाच्या पाच पायऱ्या नेटवर वाचून आपण कितवीवर, हे शोधत बसू नकोस. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ च्या पुस्तकात त्या मांडल्या, त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं वेळापत्रक नव्हतंच ते.

काकांचं "ही शहरी थेरं" मनावर घेऊ नकोस. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत "विश्राम" नावाचा कार्यक्रम झाला, शेतकरी आत्महत्यांच्या भागात. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून नैराश्यावर समुपदेशन दिलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ साली ते लॅन्सेट सायकियाट्रीत छापून आलं. दाराशी मदत आली तर खेड्यातला माणूस बोलतो. तू तर धरमपेठेत राहतेस.

आता कामाचं. त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत का, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे सरळ विचार. त्यात उद्धटपणा नाही. फी, किती भेटी, मध्ये गरज पडली तर कोणाला फोन करायचा, हेही पहिल्याच दिवशी. ऑफिसात इंग्रजी बोलतेस म्हणून तिथेही इंग्रजीत शिरू नकोस. बाबाशी भांडायचीस त्या मराठीत बोल. गोळ्या लागतील असं वाटलं तर त्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील, त्याला घाबरू नकोस. तीन-चार भेटींत सूर जुळला नाही तर दुसरीकडे जाऊ, पण उपचार सोडून द्यायचा नाही. आणि जगणंच नकोसं वाटलं एखाद्या रात्री, तर मंगळवारची वाट पाहू नकोस: टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. आणि मला उठव. कितीही वाजलेले असोत.

मंगळवारी मी लक्ष्मीभुवन चौकात साडेचारला उभी असेन. आत तू एकटीच जायचंस. बाहेर आल्यावर काही सांगावंसं वाटलं तर सांग, नाही तर मी विचारणार नाही. आईलाही तसंच सांगून ठेवलंय.

तुझी,
आत्या