ओढेल, पण पेलेल का?

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये राहतो. निवृत्तीनंतर कमाल १४,००० पौंडांचा फिफ्थ-व्हील ट्रेलर जोडून कोलोरॅडोपर्यंत भटकायचा बेत आहे. डीलर म्हणतो, पाऊण टनी डिझेल ट्रक पुरेल. घ्यावा का?

उत्तर : घाई करू नका. ओढायची ताकद त्या इंजिनात असेलही. प्रश्न ट्रकच्या पाठीवरच्या ओझ्याचा आहे. फिफ्थ-व्हीलच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे तुमच्या बाबतीत सुमारे २,८०० पौंड, थेट ट्रकवर बसतो. त्यात हिच, तुम्ही दोघे, सामान (आणि आपल्या माणसांचा कुकर, तांदळाची पिशवी!) मिळवा. मग ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचे स्टिकर वाचा. माणसे आणि सामान मिळून किती पौंड चालतील, ते तिथे छापलेले असते. पाऊण टनी डिझेलवर हा आकडा बऱ्याचदा तीन हजारांच्याही आत असतो.

म्हणून मागे चार चाकांचा एक टनी ट्रकच बघा. पार्किंगला तो डोकेदुखी आहे, कबूल. पण मोकळ्या माळावर आडवा वारा सुटला की त्या जादा दोन चाकांची किंमत कळते. रॉकीजमध्ये चढापेक्षा उतार अवघड, तेव्हा एक्झॉस्ट ब्रेक हवाच. हौदा आठ फुटी घ्या. आखूड हौद्यात वळताना ट्रेलर केबिनला घासू शकतो.

आणखी एक. ट्रक व ट्रेलरच्या कमाल वजनांची बेरीज २६,००० पौंडांपुढे गेली, तर टेक्सासमध्ये ‘ए’ वर्गाचे बिगरव्यावसायिक लायसन्स लागते. एक टनी घेतलात तर ती जाईलच. परीक्षेची तयारी आधी करा.