परदेशात पासपोर्टचे नूतनीकरण : माणूस तिकडे, कागद इकडे

हुंडीच्या मुदतीच्या दिवशी सकाळी उठून पैसे जमवायला निघणारा व्यापारी बाजारात टिकत नाही. शहाणा व्यापारी महिनाभर आधीच सोय लावून ठेवतो. पासपोर्टच्या तारखेलाही हाच हिशोब लावावा लागतो, परंतु आपले परदेशी कमावणारे बंधू नेमके येथेच चुकतात. गेल्या काही वर्षांत श्रीरामपूरच्या आमच्या दुकानात कापडापेक्षा या विषयाचीच चौकशी जास्त होते, म्हणून आज थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आमच्याकडे सहा वर्षे कटिंगचे काम केलेला एक मुलगा सौदी अरेबियात दम्मामला शिवणकामावर गेला. हात चांगला होता, पगार ठरलेला मिळत होता. पासपोर्टची मुदत जवळ आल्याचे आम्ही त्याला फोनवर विचारले. तो म्हणाला, "चाचा, अजून चार महिने आहेत. घाई कशाला?" आम्हीही गप्प बसलो, ही आमची चूक. पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत होता, तो हातात पडेपर्यंत दीड महिना गेला. अर्ज झाला, तेव्हा पोलीस चौकशीचा कागद गावी आला. घरच्यांनी भाड्याची खोली बदलून दुसऱ्या मोहल्ल्यात बिऱ्हाड केले होते. जुन्या पत्त्यावर कुणी सापडले नाही आणि अहवाल उलटा गेला. तो दुरुस्त होईपर्यंत पासपोर्ट संपला. पासपोर्ट नाही म्हणून इकामा वाढला नाही, इकामा नाही म्हणून घरी येऊन परत जाण्याचा व्हिसा मिळाला नाही. त्याच दिवसांत त्याचे वडील गेले. जनाज्याला मुलगा नव्हता. मिट्टीला खांदा आम्ही दिला, आणि तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पासपोर्टची तारीख विचारण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे.

तारीख कोणती धरावी?

प्रौढ माणसाचा पासपोर्ट १० वर्षांचा असतो. पंधरा वर्षांखालील मुलांचा ५ वर्षांचाच असतो, हे बायको-मुले सोबत ठेवणारे हमखास विसरतात. आपण नूतनीकरण म्हणतो, पण जुन्या पुस्तिकेची मुदत वाढवून मिळत नाही. नवी पुस्तिका मिळते, तिचा नंबरही नवा असतो. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. आखाती देशांत प्रवेश करताना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. म्हणजे दहा वर्षांतले शेवटचे सहा महिने प्रवासाच्या दृष्टीने जवळजवळ निकामीच. सबब छापलेली तारीख ही शेवटची तारीख मानू नये. तिच्या एक वर्ष आधीची तारीख हीच आपली खरी मुदत धरावी आणि ती दुकानाच्या कॅलेंडरवर किंवा खातेवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

छापलेल्या तारखेवर विसंबून राहिलेल्यांची एकदा मोठी फजिती झाली होती. २००१ पूर्वी हाताने लिहिलेले, फोटो चिकटवलेले काही पासपोर्ट २० वर्षांच्या मुदतीचे होते. परंतु आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमाप्रमाणे २४ नोव्हेंबर २०१५ नंतर, यंत्राने वाचता न येणारे पासपोर्ट परदेश प्रवासाला चालेनासे झाले. पुस्तिकेवर मुदत शिल्लक असूनही नवा पासपोर्ट काढावा लागला.

अर्ज कोठे करावा?

परदेशात राहणाऱ्याने नूतनीकरणासाठी भारतात येण्याची गरज नाही. ज्या देशात राहतो तेथील भारतीय वकिलातीकडे अर्ज करावा. सौदी अरेबियात रियाधला दूतावास व जेद्दाला वाणिज्य दूतावास आहे, अमिरातीत अबूधाबी व दुबईला आहे. अर्ज इंटरनेटवर भरायचा, छापून सही करायची आणि वकिलातीने नेमलेल्या केंद्रात मूळ पासपोर्ट, इकामा व फोटो घेऊन स्वतः जायचे. फी आणि फोटोचे माप देशागणिक वेगळे असते, ते केंद्रात आधी विचारून घ्यावे. अर्ज लिहून देणाऱ्या एजंटाच्या भरवशावर कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. अर्जातली प्रत्येक ओळ सही करणाऱ्याच्या नावावर जमा होते.

पासपोर्ट कुणाचा?

भारताच्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. तो कफीलचा नाही, एजंटचा नाही, सावकाराचाही नाही. सौदी अरेबिया, कतार व अमिरात येथील नियमांतही मालकाने कामगाराचा पासपोर्ट अडवून ठेवण्यास मनाई आहे. तरीही "सांभाळायला" म्हणून तो ठेवून घेतला जातो. सर्वांनाच मालकाशी भांडणे परवडत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु नूतनीकरणासाठी मागितलेला पासपोर्ट सहसा कुणी नाकारत नाही, कारण इकामा अडला तर मालकाचेही काम अडते. मागणी वेळेवर आणि लेखी करावी. नाहीच मिळाला तर वकिलातीच्या कामगार विभागात तक्रार करावी.

कागद अडतो तो गावातच

आमचा अनुभव असा की, बहुतेक अर्ज परदेशात अडत नाहीत, ते गावातल्या कागदांत अडतात. येथे तीन गोष्टी नीट पाहाव्यात.

पहिली गोष्ट नावाची. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. उर्दूत 'शेख' एकाच रीतीने लिहितात, पण इंग्रजीत त्याची तीन-चार स्पेलिंगे होतात. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, रेशन कार्डावर तिसरे. शिवाय आपल्याकडे शेख आधी, मग स्वतःचे नाव, पुन्हा शेख आणि वडिलांचे नाव असे लिहिण्याची पद्धत आहे. पासपोर्टच्या फॉर्मात आडनाव व नाव असे दोन रकाने असतात, तेथे कारकून सुचेल तसे भरतो आणि एखादा रकाना रिकामाच राहतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीने एकच नाव असलेल्या पासपोर्टवर भेटीच्या व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश बंद केला, तेव्हा अनेकांना या रिकाम्या रकान्याची किंमत कळली. स्पेलिंगात किरकोळ फरक असेल तर गावी असतानाच सर्व कागद एकसारखे करून घ्यावेत. नावात मोठा बदल असेल तर प्रतिज्ञापत्र, जाहिरात, राजपत्र असे सोपस्कार मागे लागतात आणि ते परदेशात बसून करणे जिवावर येते.

दुसरी गोष्ट पत्त्याची. नूतनीकरणात नेहमीच नाही, पण बऱ्याच वेळा पोलीस चौकशी गावच्या पत्त्यावर येते. घर बदलले असेल तर अर्जात नवाच पत्ता द्यावा आणि त्याचा पुरावा घरच्यांनी तयार ठेवावा. अर्ज केल्याचे घरी कळवावे, शेजारच्या दोन जाणत्या माणसांनाही सांगून ठेवावे. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुने कागद जुन्या नावाचे, नवे कागद नव्या नावाचे, असे आता घरोघरी होणार. शिवाय श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनचे नाव बेलापूर असल्याने जन्मस्थळाच्या रकान्यात काहींनी श्रीरामपूर तर काहींनी बेलापूर लिहिले आहे. जुन्या पासपोर्टवर जे जन्मस्थळ आहे तेच नव्या अर्जात लिहावे, मनाने बदलू नये.

तिसरी गोष्ट कोर्टाची, आणि ही खास व्यापाऱ्यांसाठी. कोर्टात फौजदारी प्रकरण चालू आहे काय, असा प्रश्न अर्जात असतो. चेक न वटल्याचा कलम १३८ चा खटला आपण पैशाचे भांडण समजतो, पण तो फौजदारी स्वरूपाचा असतो. असा खटला असेल तर तो लपवू नये. वकिलामार्फत कोर्टाची परवानगी घ्यावी, परवानगीने पासपोर्ट मिळू शकतो. खोटी माहिती देणे किंवा लपविणे यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकते, आणि पासपोर्ट जप्त होतो तो वेगळाच. व्यापाऱ्याने देणे चुकते करून खटला मिटवावा व मग जावे, हा सर्वांत सरळ मार्ग.

नूतनीकरणात होणारा फायदा

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरी लागेल असा शेरा असतो. नंतर दहावी पास झाला असेल, किंवा परदेशात एकूण तीन वर्षांहून अधिक वास्तव्य झाले असेल, तर पुराव्यासह तो शेरा काढून मिळतो. उर्दू माध्यमाचे दहावीचे प्रमाणपत्र यासाठी मराठी-इंग्रजी माध्यमाइतकेच चालते. पत्नीचे नाव घालणे, पत्ता बदलणे हीही कामे याच वेळी उरकावीत.

नवा पासपोर्ट हाती आल्यावर

काम येथे संपत नाही. इकामा जुन्या नंबरावर असतो. नवा नंबर तेथील सरकारी नोंदीत चढवून घ्यावा, सौदीत हे काम जवाजातकडे होते. जुना रद्द पासपोर्ट फेकू नये, त्यातील व्हिसा व शिक्के पुढे पुराव्याला लागतात. दोन्ही पासपोर्टच्या छायाप्रती गावी पाठवून ठेवाव्यात.

कागद संपलेल्या माणसाचे काय होते, हे २०१३ साली सौदीत दिसले. कामगार कायद्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली, ३ नोव्हेंबरपर्यंत सवलत मिळाली आणि एक लाखाहून अधिक भारतीय परतले. ज्यांच्याजवळ पासपोर्ट नव्हता त्यांना वकिलातीने आणीबाणीचा दाखला दिला. त्या दाखल्यावर घरी येता येते, परत कामावर जाता येत नाही.

वाचक बंधूंनी आज रात्री एवढेच करावे. परदेशी असलेल्या मुलाला, भावाला फोन लावावा, पासपोर्टची तारीख विचारावी, तिच्यातून एक वर्ष वजा करावे आणि तो आकडा वहीत लिहावा. घर बदलले असेल तर तेही त्याला त्याच फोनवर सांगावे. आम्ही ते वेळेवर सांगितले नाही.