अनोळखी माणसांसमोर आपलं ताट मांडताना

"दोन महिने भात बंद केलाय, तरी वजन हलत नाही. काय करू?" आहाराच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री साडेनऊला एवढंच विचारून बघा. दहाच्या आत उत्तरं येतात. पोळीही सोडा. रात्रीचं जेवणच सोडा. ज्वारीवर या. मेथीचं पाणी घ्या. थायरॉईड तपासा. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत पाळणारे सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकरांची पुस्तकं वाचलेली मंडळी सांगतात, फार वेळ उपाशी राहू नका, थोडं थोडं खा, तुपाला घाबरू नका. प्रत्येकाचा सल्ला मनापासूनचा असतो, कारण प्रत्येकाला त्यातून काहीतरी गुण आलेला असतो. विचारणारीचं वय, तिची औषधं, तिच्या घरी महिन्याला लागणारं तेल यातलं मात्र कुणालाच काही माहीत नसतं.

तरीही असे ग्रुप मला मोलाचे वाटतात. तालुक्याच्या गावी आहारतज्ज्ञ सहसा नसतो, आणि डॉक्टरांकडे आपल्या वाट्याला पाच मिनिटं येतात. एकादशीला साबुदाण्याऐवजी काय खावं, सासरच्या चौदा माणसांच्या स्वयंपाकात स्वतःपुरतं तेल कसं कमी करावं, हे त्याच परिस्थितीतून गेलेली दुसरी बाईच नीट सांगू शकते. पण तिला समोरचं ताट दिसायला हवं. आपण जेवढं मांडतो तेवढ्यावरच ती बोलणार. म्हणून पुढची बरीचशी कृती विचारण्याआधीच्या तयारीची आहे.

सुरुवात करायची ती कुठले प्रश्न ग्रुपवर न्यायचेच नाहीत हे ठरवून. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर कुणाच्या सांगण्यावरून जेवण गाळायचं नाही. साखर ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, हातपाय थरथरतात, आणि आणखी उतरली तर शुद्ध हरपते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असताना पोळी-भात एकदम तोडला, तर रक्तात किटोन साचून जिवावर बेतू शकतं, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाला शहाळ्याचं पाणी आणि 'कमी सोडियमचं' मीठ दोन्ही घातक ठरू शकतात, कारण दोन्हींत पोटॅशियम असतं. वॉरफेरिन घेणाऱ्यानं पालेभाजी अचानक वाढवायची किंवा बंद करायची नसते. गर्भारपण, अंगावर पिणारं बाळ, टाइप १ मधुमेह, वाढत्या वयाची मुलं आणि काहीच न करता उतरत चाललेलं वजन, हे सगळे डॉक्टरांकडचे विषय. ज्याला जेवणाचीच धास्ती बसली आहे, खाल्लं की अपराधी वाटतं, अशा माणसानंही ताटाचा फोटो ग्रुपवर टाकू नये. तिथली एखादी सहज बोललेली ओळसुद्धा त्याला फार लागते.

हे बाजूला काढलं की तीन दिवसांचं खाणं लिहून काढायचं: दोन कामाचे दिवस आणि एक रविवार. लिहायचं ते खाल्ल्याबरोबर, कारण रात्री आठवून लिहिताना चहाबरोबरची खारी, मुलाच्या डब्यात उरलेला अर्धा पराठा आणि देवळातला प्रसाद नेमका राहून जातो. उपासाचा दिवस असेल तर तो स्वतंत्र लिहा. एक वाटी साबुदाण्याची खिचडी असं लिहून भागत नाही, तिच्यात दाण्याचं कूट किती आणि तूप किती हे लिहा.

आता माप. 'एक वाटी' म्हणजे काय, हे घरागणिक बदलतं. आपली नेहमीची वाटी एकदा मापाच्या कपानं पाणी ओतून मोजा आणि 'माझी वाटी १५० मिलीची' असं वरच लिहून टाका. भात कच्चा मोजला की शिजलेला, हेही लिहा. १०० ग्रॅम तांदूळ शिजून जवळपास तिप्पट वजनाचा होतो, त्यामुळे इथे घोळ झाला की पुढचा सगळा हिशेब चुकतो. वरणाचंही तसंच. पातळ वरणाच्या वाटीत सुकी डाळ जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम असते आणि प्रथिनं पाचेक ग्रॅम. 'मी रोज वरण खाते' या वाक्यातून हे कळत नाही. साखरेचं माप सोपं आहे: चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम, २० कॅलरी.

सगळ्यात जास्त लपतं ते तेल. फोडणीला किती घातलं हे रोज कुणी मोजत नाही आणि मोजायची गरजही नाही. महिन्याच्या किराणा यादीकडे जा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी आखलेल्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. महिन्याचं ते माणशी ९०० मिलीच्या आत येतं, म्हणजे चौघांच्या घरात साधारण साडेतीन लिटर. घरी पाच लिटर येत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज शंभरेक कॅलरी जास्त जातात आणि त्या कुठल्याही फोटोत दिसत नाहीत. फोटो टाकायचाच असेल तर ताटाशेजारी नेहमीचा चमचा ठेवा, म्हणजे निदान आकाराचा अंदाज येतो.

ताटानंतर शरीराबद्दल लिहायचं. उंची, वजन आणि कंबर. वजन रोज एक-दोन किलो इकडेतिकडे होतं, ते बहुतेक पाणी असतं. आदल्या रात्रीचं पापड-लोणचंही त्याला पुरतं. म्हणून सकाळी एकाच वेळी काटा बघा आणि आठवड्याची सरासरी द्या. कंबर सगळ्यांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजायची, पँटच्या पट्ट्याच्या जागी नाही. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरतात.

नुसत्या वजनावरून कुणाला पारखू नये हे पटवण्यासाठी मी नेहमी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं उदाहरण देते. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या मराठी माणसाला 'तुला कशाला हवं डाएट' म्हणून वाटेला लावणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत.

रक्ताचा रिपोर्ट द्यायचा तर तारखेसकट. एचबीए१सी गेल्या सुमारे तीन महिन्यांची साखर सांगतो: ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून मधुमेह, मधला टप्पा सावध व्हायचा. त्याच्याबरोबर हिमोग्लोबिनही लिहा, कारण लोहाच्या कमतरतेनं रक्त कमी झालं असेल तर हा आकडा असतो त्याहून जास्त दिसू शकतो. नाव, रुग्ण क्रमांक, प्रयोगशाळेचा बारकोड कापूनच फोटो पाठवा. ग्रुपवर तुमचा नंबर आधीच सगळ्यांना दिसत असतो.

मग पोस्ट लिहायची, आणि प्रश्न एकच विचारायचा. ती अशी दिसावी:

"वय ४६, स्त्री. उंची १५६ सेंमी, वजन ६४ किलो, कंबर ८८. एचबीए१सी ६.१, हिमोग्लोबिन ११.८, दोन्ही मागच्या महिन्यातले. सकाळी थायरॉईडची गोळी, बाकी औषध नाही. शाकाहारी, अंडी नको. घरात चौघं, तेल महिन्याला ५ लिटर. ७ ला चहा, २ चमचे साखर. ८.३० ला पोहे, एक बशी. १ ला डबा: ३ पोळ्या, कोरडी भाजी. ४.३० ला तसाच चहा आणि २ खारी. ९ ला भात २ वाट्या, पातळ वरण १ वाटी, भाजी, लोणचं. वाटी १५० मिलीची. गुरुवारी उपास. आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालते. सकाळी स्वयंपाकाला पाऊण तासच मिळतो. दुपारच्या डब्यात प्रथिनं कशी वाढवू?"

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. सकाळी हाताशी वेळ किती, स्वयंपाक कोण करतं, महिन्याला जास्तीचे किती रुपये परवडतील, हे कळल्याशिवाय आलेला सल्ला ग्रुपवरच पडून राहतो.

उत्तरं येऊ लागली की आभार माना, पण त्या दिवशी वाद घालू नका आणि काही सुरूही करू नका. दुसऱ्या दिवशी सगळी एकदम वाचा. ज्यांनी उलट प्रश्न विचारला ती माणसं आधी शोधा. वरच्या पोस्टला कुणी विचारेल, "गोळी घेतल्यावर चहा किती वेळानं घेता?" ही गोळी उपाशीपोटी घ्यायची असते आणि तिच्यानंतर किमान अर्धा तास चहा-नाश्ता टाळायचा असतो, त्यामुळे या एका ओळीचं मोल दहा सल्ल्यांपेक्षा जास्त. कुणी म्हणेल, "हिमोग्लोबिन १२ च्या खाली आहे, ६.१ हा आकडा डॉक्टरांना पुन्हा दाखवा." अशा माणसांनी तुमची पोस्ट नीट वाचली आहे.

त्यानंतर स्वतःचा अनुभव सांगणारे. त्यांना विचारा: तुमचं वय काय, औषधं कुठली, किती महिने केलंत, आता चालू आहे का? 'सुरू करून पंधरा दिवस झाले' असं उत्तर आलं, तर अनुभव अजून कोवळा आहे.

नुसते हुकूम सोडणाऱ्यांचं म्हणणं आकड्यांशी ताडून बघा. प्रौढ माणसाला प्रथिनं दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे या बाईंना दिवसाला ५३ ग्रॅम लागतात. पोषण संस्थेच्या त्याच ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिली आहे. कुणी 'धान्य पूर्ण बंद' म्हणत असेल, तर ती भूक कशानं भरायची हे त्यानंच सांगायला हवं.

आणि तीन प्रकारची उत्तरं वाचून सोडून द्या: औषध बंद करायला सांगणारी, 'पर्सनलवर या, पावडर सांगतो' म्हणणारी, आणि अमुक दिवसांत अमुक किलोची हमी देणारी.

उरलेल्यातून एकच बदल निवडा. दोन एकदम केले तर गुण कशाचा आला हे कधीच कळत नाही. तीन-चार आठवडे तो पाळा, त्याच काट्यावर वजन, त्याच जागी कंबर. एचबीए१सीवर परिणाम बघायचा असेल तर तीन महिने थांबावं लागेल. मग ग्रुपवर येऊन लिहा काय झालं ते. काहीच झालं नाही तर तेही लिहा, आणि हे मी फार कळकळीनं सांगते. ज्यांना फरक पडला ते आधीचे-नंतरचे फोटो टाकतात, ज्यांना पडला नाही ते गप्प होतात, आणि नव्यानं आलेल्याला वाटतं की हा उपाय सगळ्यांनाच लागू पडतो. तुमच्या त्या दोन ओळींमुळे कुणाचे तरी कित्येक महिने वाचतील.

आता सल्ला देण्याची बाजू. पोस्ट शेवटपर्यंत वाचा. औषधांची ओळ नसेल तर आधी तेवढीच विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. विचारलं असेल तेवढ्यावरच बोला. डब्याबद्दल विचारणाऱ्या बाईला तिच्या कमरेबद्दल सांगू नका, तो आकडा तिनंच लिहिलेला आहे. 'अंडी नको' लिहिलं असताना अंड्याचे गुण गाऊ नका. काय काढायचं त्याआधी काय वाढवायचं ते सांगा, कारण काढून टाकलेल्या घासाची जागा संध्याकाळी खारी घेते.

चांगलं उत्तर साधं असतं: "ताई, दिवसभराचं इतकं नीट लिहिलंत, म्हणून सांगता येतंय. डब्यात कोरड्या भाजीऐवजी मटकीची किंवा मुगाची उसळ चालेल? मोड आदल्या दिवशी आणून ठेवायचे, सकाळी कुकरला एक शिटी पुरते. सोबत एक वाटी दही. मी हे करते तेव्हा तीनऐवजी दोन पोळ्यांत पोट भरतं. तुमचं भरतं का बघा." यात पदार्थ तिच्याच स्वयंपाकघरातला आहे, पाऊण तासात बसणारा आहे, आणि स्वतःचा अनुभव स्वतःचा म्हणूनच सांगितलाय. नाही जमलं तर उद्यापासून पुन्हा कोरडी भाजी, काही बिघडत नाही. अनोळखी माणसाला सल्ला द्यायचा तो असाच, सहज मागे घेता येण्याजोगा.

ग्रुपवर दुसऱ्या कुणी घातक सांगितलं, तर मात्र गप्प बसायचं नाही. "दादा, यांची इन्शुलिन चालू आहे. जेवण गाळायचं की नाही हे त्यांच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या," एवढं त्याच जागी, सगळ्यांना दिसेल असं लिहा. खासगीत सांगितलं तर वाचणाऱ्या बाकीच्यांपर्यंत ते पोचत नाही. आणि विचारणारी महिनाभरानं परत येऊन म्हणाली, "उसळ केली, पण गॅसेस झाले," तर 'तुम्ही नीट केलं नसेल' म्हणू नका. भिजवलेलं पाणी फेकलं का, सुरुवातीलाच किती घेतली, एवढं विचारा. आठवड्यातून दोनदाच, अर्धी वाटी, मुगापासून सुरुवात करायला सांगा.