झिरकपूरचा शेतकरी : पीक, पाणी आणि जमीन

अंबाल्याहून चंडीगढकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, घग्गर नदीपासून थोड्याच अंतरावर झिरकपूर वसलेले आहे. एकेकाळचे हे शेतकऱ्यांचे गाव आता उंच इमारतींचे नगर झाले आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या लाखाच्या जवळ पोहोचली होती. सभोवतालच्या खेड्यांत मात्र आजही गहू आणि भात पिकतात. तेथील शेतकऱ्यास जे निर्णय घ्यावे लागतात, त्यांत साऱ्या पंजाबच्या शेतीचे प्रश्न एकत्र आलेले दिसतात.

पहिला निर्णय पिकाचा. भात हे पंजाबचे परंपरागत मुख्य पीक नव्हे. १९७०-७१ मध्ये राज्यात भाताखाली सुमारे चार लाख हेक्टर जमीन होती. आज ती तीस लाख हेक्टरांहून अधिक आहे. हा बदल शेतकऱ्याच्या लहरीने घडलेला नाही. गहू आणि भात यांना किमान आधारभूत किंमत मिळते आणि सरकारी खरेदीची यंत्रणा तो माल खरोखर उचलते. मक्याचीही आधारभूत किंमत जाहीर होते. परंतु बाजारात त्या किमतीने घेणारा भेटेलच अशी शाश्वती नसते. गहू-भाताखालील वीस टक्के क्षेत्र अन्य पिकांकडे वळवावे, अशी शिफारस सरदारासिंग जोहल यांच्या समितीने १९८६ मध्येच केली होती. ती अमलात येऊ शकली नाही, याचे मुख्य कारण हेच होय. ज्याच्या डोक्यावर अडत्याचे कर्ज आहे, तो अनिश्चित भावाचे पीक सहसा निवडत नाही.

दुसरा निर्णय पाण्याचा. १९९७ मध्ये शेतीपंपांना मोफत वीज मिळू लागली आणि मधला अल्प काळ वगळता ती सवलत चालू राहिली. पाणी उपसण्यास खर्च नाही, म्हणून ते वाचविण्यात लाभही नाही. राज्यात दरवर्षी जेवढे पाणी जमिनीत मुरते, त्याच्या दीडपटीहून अधिक उपसले जाते. एखाद्याने आपल्या शेतातील भात सोडला, तरी शेजारचा पंप चालूच असल्याने त्याच्या विहिरीची पातळी खालावतच राहते. पाणी खोल गेले की कूपनलिका आणखी खोल न्यावी लागते. हा खर्च थोरल्या शेतकऱ्यास पेलतो, धाकट्यास कर्जात लोटतो.

यावर उपाय म्हणून २००९ च्या कायद्याने १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई केली. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातील पाण्याचा अपव्यय कमी झाला. पण कापणी पुढे ढकलली गेली आणि गव्हाच्या पेरणीपूर्वीचे दिवस कमी झाले. शेत त्वरेने मोकळे करण्यासाठी पेंढा जाळण्याची प्रथा त्यामुळे बळावली. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने विकसित केलेले ‘पी. आर. १२६’ हे लवकर तयार होणारे वाण पाणी आणि दिवस दोन्ही वाचविते. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नास कसे जन्म देते आणि योग्य बियाणे त्यातून कशी वाट काढते, याचे हे उदाहरण होय.

तिसरा निर्णय जमिनीचा. चंडीगढभोवतीची शेती टिकावी म्हणून १९५२ मध्ये परिघ-नियंत्रणाचा कायदा करण्यात आला होता. तरीही नगर पसरत गेले. शेताची किंमत पिकाच्या उत्पन्नावरून नव्हे, तर रस्त्यापासूनच्या अंतरावरून ठरू लागली. काहींनी जमीन विकून दूर अधिक एकर घेतले; काहींनी ती ठेक्याने दिली आणि ते भाव वाढण्याची वाट पाहू लागले. ठेका वर्षाचाच असेल, तर कसणारा शेणखत घालीत नाही, बांध दुरुस्त करीत नाही. कारण त्याचे फळ त्यास मिळणार नसते. घग्गरच्या पुराचा धोका असतो तो वेगळाच. जुलै २०२३ मध्ये तिच्या पाण्याने या परिसरातील शेते बुडविली.

या तिन्ही निर्णयांचा काळ सारखा नाही. चुकलेले पीक पुढील हंगामात बदलता येते. खालावलेले पाणी वर येण्यास पिढी लागते. इमारतीखाली गेलेली जमीन मात्र पुन्हा नांगराखाली येत नाही. शेतकऱ्यास हिशेब करावा लागतो तो हंगामाचा, कारण कर्जाचा हप्ता हंगामालाच येतो. म्हणून पाणी आणि जमीन यांचा दीर्घ हिशेब समाजाने व शासनाने मांडणे आवश्यक आहे. आणि मक्याला किंवा डाळींना खात्रीचा ग्राहक देणे, ही त्याची पहिली पायरी होय.