याजक घर पाहावयास जातो

शास्त्रपाठ : लेवीय १४:३३-४८, अनुवाद २४:१४-१५

लेवीयाच्या पुस्तकातील हा भाग आपल्या मंडळ्यांत क्वचितच वाचला जातो. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टा दिसला तर काय करावे, ह्याचे ते नियम आहेत; आणि भिंतीच्या चट्ट्याशी आमच्या विश्वासाचा काय संबंध, असे वाचकास वाटते. परंतु येथे याजक काय करतो ते नीट पाहावे. घरधनी येऊन त्यास कळवितो, आणि तो स्वतः त्या घरी जातो. आत शिरण्यापूर्वी घरातील सामान बाहेर काढावयास लावतो, नाही तर घराबरोबर भांडी व अंथरुणेही अशुद्ध ठरून धन्याचे नुकसान व्हावयाचे. मग भिंती पाहतो, सात दिवस घर बंद ठेवितो, आणि सातव्या दिवशी पुन्हा येतो. चट्टा पसरला असेल तर ते दगड काढून दुसरे बसवावे लागतात, भिंती खरवडून नवा गिलावा द्यावा लागतो. वेदीपुढे सेवा करणाऱ्या मनुष्यास देवाने हेही काम नेमून दिले होते.

आता आपल्या मुलखातील एका घराकडे पाहू. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी ह्या जिल्ह्यांतून ऊसतोडकऱ्यांची कुटुंबे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर येथील कारखान्यांकडे निघतात. कित्येक बेळगावाकडेही जातात. मार्च-एप्रिलपर्यंत त्यांचा मुक्काम तेथेच. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. त्यांचे घर म्हणजे कोपी : बांबू वाकवून त्यावर ताडपत्री, चटई किंवा पाचट घातलेली, वाकूनच आत शिरावे अशी. पुष्कळ तळांवर दिवा नाही, शौचकूप नाही, आणि नहाणी म्हणजे चार काठ्यांस गुंडाळलेले जुने लुगडे. चूल दाराशीच, आणि पाचट पेटावयास एक ठिणगी पुरे.

ह्याचा भार सर्वांत अधिक स्त्रियांवर पडतो. २०१९ साली शासनाने नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोडकरी स्त्रियांची पाहणी झाली, तीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे अनेक आहेत. पण जेथे धुण्यास पाणी नाही, आडोसा नाही, आणि एक दिवस अंग टाकले तर खाडा धरून पैसे कापले जातात, तेथे साधे दुखणे साधे राहत नाही.

लेवीयात घरधनी येऊन सांगतो. कोपीतला मनुष्य कोणास सांगणार? मोशेच्या नियमशास्त्रात मजूर आपल्यातला असो वा परका, त्याची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी अशी आज्ञा आहे. येथे उलटे आहे. मजुरी हंगामाआधीच उचल म्हणून घेतलेली असते, आणि ती लग्नात, दवाखान्यात किंवा जुन्या कर्जात कधीच संपलेली असते. पुढे त्याने पाण्याचे नाव काढले की मुकादम उचलीची आठवण देतो. उचलीने त्याची जीभ गहाण पडली आहे. म्हणून तो येत नाही. म्हणूनच न बोलाविता जावे लागते.

कायद्याचाही त्यास फारसा आधार झाला नाही. १९५१ च्या मळे कामगार कायद्याने चहा-कॉफीच्या मळेवाल्यांवर मजुरांस घरे देण्याची जबाबदारी टाकली. ऊस त्यात नव्हता. १९७९ च्या कायद्याने परराज्यात नेलेल्या मजुरांस राहण्याची योग्य सोय देणे ठेकेदारास बंधनकारक केले; पण बीडहून कोल्हापुरास जाणारा राज्याबाहेर गेलेलाच नसतो.

तेव्हा ऊसपट्ट्यातील उपदेशकांनी आपल्या शिवारातील तळावर जावे. फडातून लोक परतल्यावर, सायंकाळी जावे, आणि बरोबर एखादी वडीलधारी स्त्री असावी, कारण न्हाणी व शौचकूप ह्यांविषयी त्या भगिनी पुरुषांपाशी बोलणार नाहीत. पत्रके वाटण्याची ज्यांस हौस आहे त्यांनी ती घरीच ठेवावी. पाण्याच्या मोबदल्यात कोणाचा धर्म विचारू नये. पाणी कोठून येते, रात्री उजेड आहे काय, तान्ही मुले दिवसभर कोठे असतात, एवढे पाहावे. मग ग्रामपंचायतीस व कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यास लिहावे. अर्ज मंडळीच्या नावाने असावा, कोणा मजुराचे नाव त्यात घालू नये. याजकाने सामान आधी बाहेर काढविले, ते ह्याचसाठी.

कित्येक सोयी मंजूर आहेत, पण त्या तळापर्यंत पोहोचत नाहीत. आधार जोडलेल्या शिधापत्रिकेवर परगावच्या दुकानीही धान्य मिळते, आणि गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांचा वाटा गावीच घेता येतो. गरोदर स्त्रिया व बालके ह्यांची नावे जवळच्या अंगणवाडीत घालून द्यावी. अडलेल्या बाळंतिणीसाठी १०८ ह्या क्रमांकावर गाडी विनामूल्य येते. ऊसतोडकऱ्यांच्या मुलांसाठी २०२१ साली ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली, मुलांचे एक व मुलींचे एक अशी. ज्या गावांतून लोक निघतात आणि ज्यांच्या घरांस नाताळातही कुलूप असते, तेथील पाळकांनी दसऱ्यापूर्वीच मुलांच्या प्रवेशाची चौकशी करावी; गाडी हलल्यावर उपयोग नाही.

आणि आमच्या मंडळ्यांतही ऊसवाले बागाईतदार आहेत, एखादा मुकादमही असेल. कोप्या त्यांच्याच बांधावर असतील तर पत्र लिहिण्याचे कारण नाही. विहिरीवरून एक नळी, विजेचा एक दिवा आणि शौचकुपासाठी कोपऱ्यातली थोडी जागा, हे त्यांस त्याच आठवड्यात देता येईल. उपदेशकाने सातव्या दिवशी पुन्हा जावे आणि नळीस पाणी आले काय ते पाहावे.