जातिवंत कुत्र्याचें पिलूं कोणाकडून घ्यावें?

बाजारांत आंबे घेतांना आपण ते हुंगून पाहतों. वही घेतांना पानें मोजतों. परंतु जो प्राणी दहा-बारा वर्षें आपल्या उंबरठ्याशीं निजावयाचा, तो घेतांना मात्र पुष्कळ शहाणीं माणसें कांहींच पाहत नाहींत. ह्या शहाण्यांत प्रस्तुत लेखकाचीहि गणना होते. म्हणून आधीं स्वतःची चूक सांगतों.

चार वर्षांपूर्वीं आमच्या धाकट्या मुलानें लॅब्रॅडॉर जातीच्या पिलाचा हट्ट धरला. एक जाहिरात वाचून मीं त्या गृहस्थांस फोन केला. "पिलूं दोन महिन्यांचें आहे. कागदपत्र मागाहून पाठवितों. आपण येण्याचे श्रम घेऊं नका, मीच एस. टी. स्टँडवर आणून देतों," असें ते मोठ्या अदबीनें म्हणाले. मला त्या सौजन्याचें कौतुक वाटलें. टोपलींतून पिलूं आलें. पैसे देऊन आम्हीं तें घरीं नेलें.

पहिली रात्र तें सारखें रडत होतें. तिसऱ्या दिवशीं त्यानें अन्न सोडलें. मग वांत्या व रक्ताची हगवण सुरू झाली. आमच्या गांवचे पशुवैद्य माझे जुने विद्यार्थी. त्यांनीं पिलाचे दांत पाहिले आणि म्हणाले, "सर, हें पांच आठवड्यांहून मोठें नसावें. आणि हा पार्व्हो आहे. ह्याची आई आपण पाहिली होती काय?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. पांचव्या रात्रीं पिलूं गेलें. ती रिकामी टोपली मुलानें कित्येक दिवस कोणास हलवूं दिली नाहीं.

पार्व्हो हा विषाणूपासून होणारा रोग आहे. शरीरांत शिरल्यावर लक्षणें दिसावयास त्यास बहुधा कांहीं दिवस लागतात. म्हणजे तिसऱ्या दिवशीं दिसलेलें दुखणें पिलूं आमच्याकडे येण्यापूर्वींच त्यास जडलें असलें पाहिजे. दोष जेथें तें जन्मलें तेथला होता, आणि तें स्थळ मीं पाहिलेंच नव्हतें. डॉक्टरांचा प्रश्न म्हणूनच या लेखाचा मुख्य धडा आहे: पिलाची आई पाहिल्यावांचून पिलूं घेऊं नये.

आई पाहिल्यानें काय कळतें? ती अंगानें धड आहे कीं हाडांचा सांपळा झाली आहे, माणसाजवळ विश्वासानें येते कीं कोपऱ्यांत दबून बसते, पिलें स्वच्छ जागीं वाढतात कीं घाणींत, हें एका भेटींत दिसतें. बाप कित्येकदां दुसऱ्या गांवचा असतो. तो न दिसल्यास नवल नाहीं. पण आई दाखविण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्या दारांतून परत फिरावें. कदाचित् तो दलाल असेल, आणि आई कोठें आहे हें त्यासहि ठाऊक नसेल.

दुसरी गोष्ट वयाची. २०१७ सालीं केंद्र सरकारनें कुत्र्यांची पैदास व विक्री ह्यांविषयीं नियम केले. त्यांप्रमाणें पैदास करणाऱ्यानें राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंद केली पाहिजे. आठ आठवडे पुरे होण्याआधीं पिलूं विकतां येत नाहीं. कुत्री दीड वर्षाची झाल्याशिवाय तिच्यापासून पैदास करूं नये, वर्षांत एकाहून अधिक वेळां तिला वीत होऊं देऊं नये, आणि आयुष्यांत पांचांहून अधिक वितें घेऊं नयेत. नोंदणीचा दाखला पाहण्यास मागण्यांत संकोच मानूं नये. आठ आठवड्यांची अट उगीच नाहीं. भावंडांशीं खेळतांना जोरानें चावलें तर खेळ मोडतो, हें पिलूं त्याच दिवसांत शिकतें. आईच्या पहिल्या दुधांतून मिळालेली रोगप्रतिकारशक्तिहि पुढें हळूहळू ओसरते. ती अंगांत असेपर्यंत लस नीटशी लागूं पडत नाहीं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पहिली लस देऊन, पुढें तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें ती चार महिन्यांचें वय होईपर्यंत पुन्हां देतात. "एक लस झाली आहे, आतां चिंता नाहीं," असें म्हणणारा विक्रेता अर्धेंच सत्य सांगतो.

तिसरी गोष्ट वंशाच्या विकारांची. जातिवंत म्हणजे निरोगी, असा समज आहे. तो खरा नाहीं. थोड्याच घराण्यांत संबंध होत राहिले म्हणजे गुणांबरोबर दोषहि पक्के होतात. लॅब्रॅडॉर व जर्मन शेफर्ड ह्यांत खुब्याचा सांधा सैल राहण्याचा विकार आढळतो. चपट्या नाकाच्या पगास श्वासाचा त्रास होतो. डाल्मेशियनांत कांहीं पिलें जन्मतः बहिरीं असतात. ह्याकरितां सावध पैदासकार आईबापांची वाढ पुरी झाल्यावर त्यांच्या खुब्यांचे क्ष-किरण फोटो काढवितो.

लॅब्रॅडॉरमध्यें डोळ्यांचा एक विकार असा आहे कीं, त्यानें प्रौढ वयांत हळूहळू अंधत्व येतें. त्याचा दोष आई व बाप दोघांत लपलेला असूं शकतो. दोघांसहि उत्तम दिसतें; परंतु त्यांच्या प्रत्येक पिलास तो विकार होण्याचा संभव चारांत एक असतो. जीवशास्त्राच्या तासाला वाटाण्याच्या वेलांचें जें गणित आपण शिकतों, तेंच हें. असा दोष नुसत्या डोळ्यांनीं पाहून कळत नाहीं; त्यास रक्ताची किंवा लाळेची जनुकीय तपासणी लागते. ती झाल्याचा कागद मागावा.

आतां वंशावळीच्या कागदाविषयीं. आपल्या देशांत १८९६ सालीं स्थापन झालेला केनेल क्लब ऑफ इंडिया जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवतो. दाखल्यावरील मायक्रोचिपचा क्रमांक पिलाच्या कातडीखालील चिपशीं जुळतो कीं नाहीं, तें पशुवैद्याकडून पाहून घ्यावें. पण हा कागद पिलाचें कूळ सांगतो, प्रकृति सांगत नाहीं. आणि "कागद मागाहून पाठवूं," ह्या वचनावर पैसे मोजूं नयेत.

शेवटची खूण सर्वांत सोपी आहे. चांगला पैदासकार आपणांसच प्रश्न विचारतो. पहिलें पिलूं गेल्यावर वर्षभरानें आम्हीं एका निवृत्त परिचारिकाबाईंकडे गेलों. त्यांनीं माझी उलटतपासणीच केली. दुपारीं घरीं कोण असतें? वैशाखांत पिलास गारवा कोठें? ही जात न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यांत कोळ्यांची जाळीं ओढणाऱ्या कुत्र्यांच्या वंशांतली. तिच्या अंगावर दुहेरी केस असतात, हें ठाऊक आहे काय? मुलास त्यांनीं विचारलें, "परीक्षेच्या दिवसांत त्याला फिरवणार कोण?" तो गप्प राहिला. बाई म्हणाल्या, "विचार करून पुढच्या विताला या." आम्हीं दहा महिने थांबलों. पिलूं देतांना त्यांनीं लेखी पावती दिली व एक अट घातली: कांहीं कारणानें सांभाळणें अशक्य झालें तर तें त्यांच्याकडेच परत आणावें, दुसऱ्यास देऊं नये.

पालकहो, स्टँडवरचें केविलवाणें पिलूं पाहून, निदान ह्याची तरी सुटका करूं, असें मनांत येतें. ही दया खोटी नाहीं. पण त्या पैशानें मागें राहिलेल्या आईच्या पिंजऱ्यास आणखी एक कुलूप लागतें. पुढच्या महिन्यांत दुसरी टोपली येते. ज्यास इतकी चौकशी करणें जमत नसेल, त्यानें गल्लींतलें एखादें अनाथ पिलूं पशुवैद्यास दाखवून घरीं आणावें. इमानांत तें कोणत्याहि वंशावळीस हार जाणार नाहीं.

हें लिहीत असतांना आमची कुत्री माझ्या पायांवर मान टेकून झोंपली आहे. तिची आई पाहिली होती काय, असें आतां कोणी विचारलें तर मला उत्तर देतां येतें. तिचें नांव राणी. तिच्या उजव्या कानावर जुन्या जखमेचा व्रण आहे, आणि आम्हीं पहिल्यांदां गेलों तेव्हां ती उठून आमच्या मुलाच्या पायाशीं येऊन बसली होती.